सात तास एकोणसाठ मिनिटं

माझी ताई माझ्यापासून पाच हजार नऊशे चौऱ्याऐंशी किलोमीटरवर राहते आणि विमानाने तिच्याकडे जायला सात तास एकोणसाठ मिनिटं लागतात. हे मी छातीठोकपणे सांगायचो, कारण हा आकडा मीच काढलेला होता. आठ तास म्हणणारे कुणीही भेटतील. एकोणसाठ मिनिटं म्हणायला माणूस त्या धंद्यातलाच लागतो.

धंद्याचं सांगतो. आमचं ऑफिस काचसामानाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. पाच टेबलं, पाच माणसं, पाण्याचा एक जार आणि भिंतीवर जगाचा नकाशा, ज्याचा खालचा कोपरा पंख्याच्या वाऱ्याने सदा फडफडत असतो. आमच्या वेबसाइटवर कुणीही दोन विमानतळांची नावं टाकावीत, की एक पान उघडतं. त्यावर अंतर किलोमीटरमध्ये, अंतर मैलांत आणि प्रवासाला लागणारा वेळ. यादीत साडेतीन हजार विमानतळ आहेत. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घातली की एकसष्ट लाखांवर पानं होतात. चौदा वर्षांत एवढ्या जोड्या मी एकट्याने जमवल्या, असं मी घरी आलेल्या पाहुण्यांना सांगायचो. बायको तेवढ्यात चहा बघायला उठून जायची.

रीत सोपी आहे. पृथ्वीच्या गोलाईवरून दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर काढायचं, त्याला ताशी आठशे किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा. त्या दोन ठिकाणांमध्ये विमान खरंच जातं की नाही, हे पाहण्याची आमच्याकडे पद्धत नाही. एकसष्ट लाखांतल्या काही हजार जोड्यांमध्ये जात असेल, बाकीची विमानं आमच्या ऑफिसातच उडतात. आमचे साहेब म्हणायचे, आपण अंतर सांगतो, तिकिटं विकत नाही. मला ते इतकं पटलं होतं की बाजारातून काय आणायचं राहिलं यावरून वाद झाला, तरी मी तेच बायकोला ऐकवायचो.

या सगळ्या काळात मी स्वतः विमानात दोनदा बसलो होतो. लग्नानंतर, एकदा जाताना आणि एकदा येताना. दोन्ही मिळून अडीच तास, आणि त्यातला निम्मा वेळ माझे डोळे गच्च मिटलेले होते. तरी आमच्या इमारतीत मला विमानातला माणूस समजतात आणि हा गैरसमज दूर करण्याची मला कधी घाई झाली नाही.

लोकांच्या तक्रारी यायच्या. तुमच्या पानावर पाच तास लिहिलेत, मला चौदा लागले. तुमच्या भरवशावर मी साखरपुड्याला उशिरा पोचलो. अशांसाठी मी सहा तयार उत्तरं लिहून ठेवली होती, एक बटण दाबलं की जाणारी. सगळ्यांत जास्त चालायचं ते चार नंबरचं. ‘प्रिय वाचक, पानावरील वेळ ही आदर्श परिस्थितीतील आहे. प्रत्यक्ष प्रवासात किंचित फरक पडू शकतो. आपल्या जिव्हाळ्याबद्दल आभारी आहोत. आपला प्रवास सुखाचा होवो.’ यातला ‘किंचित’ मी खूप विचार करून घातला होता. तक्रारीची पहिली ओळ वाचायची, चार नंबर दाबायचा, पुढची उघडायची. एका सकाळी साठ-साठ हातावेगळ्या व्हायच्या.

आता ताई. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई नोकरीला जायची, त्यामुळे मला न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, माझ्या वतीने बाईंची माफी मागणं, ही सगळी खाती तिच्याकडे होती. मला मिनिट्या हे नाव तिनेच ठेवलं. कुणीही हाक मारली की मी ‘एका मिनिटात आलो’ म्हणायचो आणि येत नसे. तिच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या दिवशी आधी मला सोडून मग तिला पेपरला जायचं होतं. मी अर्ध्या वाटेतून कंपासपेटी आणायला परत गेलो. एका मिनिटात येतो म्हणालो. घरी मला मांजराचं पिल्लू दिसलं. ताईला पेपरला बसायला अर्धा तास उशीर झाला आणि त्या विषयात तिला जेमतेम मार्क पडले. घरी तिने कारण सांगितलं नाही. आजही ते आम्हा दोघांनाच माहीत आहे, म्हणजे आता तुम्हालाही.

लग्न होऊन ती दूर गेली, पुढे आणखी दूर गेली. भाऊजी आणि ती, दोघंच. मी तिच्याकडे एकदाही गेलो नाही. लांब आहे म्हणून जात नाही, असं निदान म्हणता आलं असतं, पण मी उलटंच म्हणायचो. लांब कुठे आहे, सात तास एकोणसाठ मिनिटं. मनात आणलं तर सकाळी निघून संध्याकाळी तुझ्या दारात. प्रत्येक फोनवर मी हे म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर मला जाऊन आल्यासारखं वाटायचं. चार वर्षांपूर्वी भाऊजी अचानक गेले, तेव्हाही मी म्हणालो, तू फक्त हाक मार, आठ तासांत हजर होतो. ती म्हणाली, सगळं आटोपलंय रे, धावपळ करू नकोस. मी केली नाही. एरवी मी तिचं एक ऐकत नाही, ते नेमकं ऐकलं.

मग गेल्या महिन्यात, एका गुरुवारी, तिचा फोन आला. हृदयाची एक झडप खराब झाली होती, बदलावी लागणार होती. ती हे गळणाऱ्या नळाबद्दल बोलावं तशा आवाजात सांगत होती. येत्या बुधवारी सकाळी नऊला आत घेणार. शेजारीण सामान घेऊन यायला तयार होती, डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, सगळी सोय होती. मग म्हणाली,

“मिनिट्या, मला आत नेतील ना, त्याच्या आधी घरचं एक माणूस बघायचंय. येशील?”

ताईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं.  आणि मी काय म्हणालो, तर काळजी करू नकोस, मंगळवारी दुपारी निघालो तरी तिकडचं घड्याळ तीन तास पुढे धरून मी रात्रीतच पोचतो. ती म्हणाली, बरं.

बायकोने त्याच दिवशी विचारलं, तिकीट काढलंस का. मी म्हणालो, बुधवारचं आहे. शुक्रवारी विचारलं. शनिवारी विचारलं. रविवारी तिने विचारलं नाही, नुसतं कपाटावरची बॅग काढून माझ्या उशीपाशी ठेवली. सोमवारी मी ऑफिसमधून रजा टाकून, जाता जाता, भाजी घ्यावी तसा तिकिटाच्या दुकानात शिरलो. काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई होत्या. मी दोन नावं सांगितली आणि उद्या दुपारचं थेट विमान द्या म्हणालो.

बाईंनी कळफलकावर बराच वेळ टकटक केलं. थेट विमान नाही, म्हणाल्या. मी म्हणालो, उद्या नाही का. त्या म्हणाल्या, उद्या नाही, परवा नाही, कधीच नव्हतं. मला हसू आलं. मी मोबाइलवर आमचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. पाच हजार नऊशे चौऱ्याऐंशी, सात तास एकोणसाठ. त्यांनी चष्मा खाली घेऊन ते शांतपणे वाचलं.

“हे कुणी केलंय मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या, “पण त्याला एकदा विमानात बसवायला पाहिजे.”

बसवण्याची सोय त्यांनीच केली. मंगळवारी सकाळी सहाचं विमान, मध्ये दोन ठिकाणी बदलायचं, एकूण बावीस तास. तिकडच्या घड्याळाप्रमाणे बुधवारी सकाळी सातला उतरायचं. तिथून हॉस्पिटल एक तास. ताईला आत न्यायच्या आधी एक तास हातात राहत होता. रविवारी आला असतात तर आदल्या दिवशीचंही मिळालं असतं, असं बाई म्हणाल्या. मी तिकीट घेतलं आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती बॅग भरायला लागली. चौदा वर्षांत प्रथमच तिला माझ्या कामाबद्दल काही बोलायचं नव्हतं.

पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. कारण कुणी सांगितलं नाही. मी खिडकीजवळ बसून हिशोब करत होतो आणि माझ्या हिशोबाने अजूनही जमत होतं. मधल्या विमानतळावर उतरलो तेव्हा दुसरं विमान सुटायला पस्तीस मिनिटं होती. माझ्या दृष्टीने ती भरपूर होती, कारण मी विमानतळावर पोचलोच होतो.

आमच्या नकाशात विमानतळ म्हणजे एक टिंब असतं. टिंबाला लांबी नसते, रुंदी नसते, त्यात जिने नसतात. मी त्या टिंबात उतरलो आणि पळायला लागलो. सरकता पट्टा संपला, दुसरा सुरू झाला. एक जिना चढलो, तोच पुढे उतरलो. तपासणीच्या रांगेत माझ्यापुढच्या माणसाने आपला पट्टा काढला, बूट काढले, मग खिशातून एकेक नाणं. त्यानंतर टिंबातल्या टिंबात एक छोटी रेल्वे होती, ती माझ्यासमोर सुटली. चौदा वर्षांत अशी साडेतीन हजार टिंबं मी नकाशावर टाकली आणि एकातही अर्ध्या तासाची पायपीट असेल असं मला वाटलं नव्हतं. गेटपाशी पोचलो तेव्हा तिथली मुलगी दोरी बांधत होती. काचेपलीकडे विमान होतं, जागचं हललेलंही नव्हतं. मी म्हणालो, एक मिनिट. ती म्हणाली, अकरा मिनिटांपूर्वी दार बंद झालं.

पुढचं विमान साडेसहा तासांनी. म्हणजे तिकडे बुधवारी दुपारी दीडला उतरणार. म्हणजे ताई नऊला आत जाणार आणि बाहेर कुणी नसणार. मी तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसलो, बॅग मांडीवर घेतली आणि मला रडू आलं. आजूबाजूला माणसं बिस्किटं खात होती. बावन्न वर्षांचा टक्कल पडलेला माणूस रडतो आहे, याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. विमानतळावर बहुधा सवय असते.

ताईला फोन करायची हिंमत झाली नाही. निरोप टाकला, ‘थोडा उशीर होतोय’. थोडा. ‘किंचित’ लिहिणाराच हात. तिचं उत्तर आलं, ‘सावकाश ये.’ ती मला धीर देते आहे असं वाटून मी आणखी लाजलो.

तिथले नऊ वाजले तेव्हा मी तिसऱ्या विमानात दोन जाड माणसांच्या मध्ये होतो. समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर एक इवलंसं विमान. शिल्लक अंतर तीन हजार चारशे किलोमीटर. शेजाऱ्याने कौतुकाने विचारलं, किती अचूक दाखवतात ना हे लोक. मी हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा किलोमीटरचा आकडा मला खरंच लांब वाटला. ताई आत्ता कुठल्या तरी छताकडे बघत असेल. तिला भूल देणारा माणूस तिला विचारत असेल, बाहेर कोण आहे तुमचं. मी डोळे मिटले. या वेळी विमानाच्या भीतीने नाही.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. घरातून निघून बत्तीस तास. माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि एका पायातला मोजा कुठल्या तरी देशात राहिला होता. टेबलापाशी बसलेल्या नर्सला मी ताईचं नाव सांगितलं आणि विचारलं, झालं का, कशी आहे, शुद्धीवर आली का. तिने कागद उलटसुलट केले. मग म्हणाली, त्यांचं ऑपरेशन उद्या आहे, सकाळी नऊला. खोली क्रमांक आठ.

ताई पलंगावर मांडी घालून शब्दकोडं सोडवत होती. केस बरेच पांढरे झाले होते. चेहरा लहान झाला होता, की मीच तो इतकी वर्षं फोनवर छोट्या चौकटीत पाहिला होता, कोण जाणे. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“आलास? आधी हात धू.”

मी हात धुतले. धुता धुताच म्हणालो, तू बुधवार म्हणाली होतीस. ती म्हणाली, तुला बुधवार सांगितला होता, डॉक्टरीणबाईंना गुरुवारच ठाऊक आहे. मी नळ बंद करायचा विसरलो. ती पुढे म्हणाली, अर्धा तास आधीचं सांगावं असं आधी मनात होतं, पण मग तुझं पान आठवलं आणि एक दिवस धरला. मी तिच्या पायांशी बसलो आणि हसत सुटलो, आणि ते हसणं मध्येच कुठे तरी रडणं झालं. तिने कोडं बाजूला ठेवून माझ्या डोक्यावर हात ठेवला. टक्कल केव्हा पडलं रे, एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तिने जुने रिपोर्ट काढून द्यायला सांगितले. उशाखाली निळी फाइल होती. मी एकेक कागद बघत होतो. रक्ताचे, छातीचे, भाऊजींचे काही. त्यात एक घडी घातलेला कागद होता. वर आमच्या साइटचं चिन्ह होतं, ते छोटं विमान, मीच निवडलेलं. मला वाटलं तिने पान छापून ठेवलंय कौतुकाने. मी घडी उलगडली.

ते पान नव्हतं. तक्रार होती. चार वर्षांपूर्वीची, भाऊजी गेल्यानंतर तीन आठवड्यांनी लिहिलेली. ‘या दोन विमानतळांमध्ये थेट विमान नाही. तुमच्या पानावर सात तास एकोणसाठ मिनिटं लिहिली आहेत. ते वाचून माझा भाऊ म्हणतो की तू जवळच आहेस, आणि येत नाही. कृपया खरा वेळ लिहावा, म्हणजे मी वाट बघणं थांबवीन.’ खाली तिचं नाव होतं. सासरच्या आडनावासकट, पूर्ण. आणि त्याच्याखाली माझं उत्तर. क्रमांक चार.

मी ते कितीदा वाचलं माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचं पत्र माझ्याच टेबलावर आलं होतं आणि मी पहिली ओळ वाचून बटण दाबलं होतं. त्या सकाळी एकूण किती निकाली काढल्या म्हणून मी बहुधा खूशही झालो असेन.

“उत्तर पटकन आलं होतं हं,” ताई म्हणाली. तिने मला वाचताना पाहिलं होतं. “चार मिनिटांत. त्या दिवसांत कुणी इतकं पटकन उत्तर दिलं नव्हतं. मग तो ‘किंचित’ वाचून कळलं, भावानेच दिलंय.”

मी म्हणालो, ताई, मी वाचलंच नव्हतं. ती म्हणाली, ते कळलंच, त्यात ‘आपला प्रवास सुखाचा होवो’ होतं, आणि मी कुठेच जात नव्हते. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिने कोड्यातला सहा अक्षरी शब्द विचारला. मी चौकटी मोजत बसलो.

ती झोपल्यावर मी मोबाइलवरून ऑफिसच्या साइटमध्ये शिरलो. एकसष्ट लाख पानांतलं एकच उघडलं. पाच हजार नऊशे चौऱ्याऐंशी तसंच ठेवलं, त्या आकड्याची काही चूक नव्हती. सात तास एकोणसाठ पुसलं आणि लिहिलं, ‘थेट विमान नाही. मी गेलो तेव्हा बत्तीस तास लागले. लवकर निघा.’ साहेबांचा फोन दुसऱ्या दिवशी येणार हे मला ठाऊक होतं. आपण सल्ले देत नाही, असं ते म्हणतील. तिकिटांसारखंच.

सकाळी पावणेनऊला ताईला न्यायला आले. चाकांच्या पलंगावर तिला झोपवलं, हिरवी टोपी घातली. त्या टोपीत ती शाळेतल्या नाटकातल्यासारखी दिसत होती. खोलीपासून ऑपरेशनच्या दारापर्यंत मी पलंगाचा दांडा धरून चालत होतो. दार आलं तेव्हा तिने मान वळवली.

“किती वेळ लागेल रे?”

डॉक्टरीणबाईंनी मला तीन तास सांगितलं होतं. तोंडाशी आलंही होतं, बहुधा दोन तास अठ्ठावन्न मिनिटं.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “मी इथेच आहे.”

ती हसली आणि दार बंद झालं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. खोटं कशाला सांगू, दर चार मिनिटांनी पाहिलं. तीन तास झाले, चार झाले. साहेबांचा फोन येऊन गेला, मी घेतला नाही. पाणी प्यायला उठलो नाही, त्या मजल्यावर मांजराचं पिल्लू निघालं असतं तरी उठलो नसतो. साडेपाच तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तोंडावरची पट्टी खाली ओढून म्हणाल्या, छान झालं.

संध्याकाळी मला आत सोडलं. ताईला नळ्या लावलेल्या होत्या, ओठ कोरडे पडले होते. मी तिच्या हातावर हात ठेवला. बऱ्याच वेळाने तिने डोळे किलकिले केले. तिला वार कळत नव्हता, वेळ कळत नव्हती, कदाचित गावही. मला मात्र तिने ओळखलं.

“आलास?” ती म्हणाली.

मी मान हलवली. डोळे मिटता मिटता ती पुटपुटली.

“लवकर आलास.”

माझ्याबद्दल हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती भुलीत होती, पण मी दुरुस्ती केली नाही.